मामांची हायब्रीड मोटार

(द्वितीय वर्ष कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने मोटारीवर लेख लिहावा हे वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. विषय सांगायला गेले तेव्हा आमच्या सरांनाही ते वाटलेच. "एखादी कविता दे, नाहीतर सहलीचे वर्णन दे," असे ते म्हणाले. पण यंदाची सहल माझी चुकली आणि कविता मला येत नाही. गेल्या वर्षभरात मी सर्वांत जास्त वाचलेले पुस्तक अभ्यासक्रमातले नव्हते. ते होते एका मोटारीचे माहितीपुस्तक, इंग्रजी, सातशेच्या वर पानांचे. तेव्हा त्याच्याच आधाराने चार गोष्टी लिहिते.

माझे आईवडील पाथर्डी तालुक्यात कोरडवाहू जमीन करतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. शिक्षणासाठी मी देवळाली प्रवरेला मामांकडे राहते. (नाशिकचे देवळाली वेगळे. बाहेरची माणसे नेहमी गल्लत करतात, म्हणून सांगून ठेवते.) मामांचा कांद्याचा व्यापार आहे. २०२४ च्या दिवाळीत त्यांनी पुण्याहून एक जुनी पण आलिशान मोटार आणली. उंच, काळी, आतून चामड्याच्या आसनांची. २०१७ साली नवी असताना तिची किंमत साठ लाखांच्या वर होती. साडेसात वर्षांनी मामांना ती २६ लाखांना मिळाली. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे घडले त्यात दोष कंपनीचा नव्हता.

गाडी दारात आली, नारळ फुटला, पेढे वाटले. मामींनी मात्र त्या दिवशी एकच प्रश्न विचारला, "पोरीच्या फीचे पैसे बाजूला ठेवलेत ना?" माझी मामेबहीण त्या वेळी बारावीला होती आणि तिला नर्सिंगला जायचे होते. मामा म्हणाले, "ठेवलेत." ते जरा घाईने म्हणाले, असे मला वाटले.

गाडीच्या पाठीमागे इंग्रजीत 'हायब्रीड' असे लिहिलेले होते. आजीने त्याचा अर्थ विचारला. आमच्या भागात हायब्रीड हा शब्द कोणाला नवा नाही. १९६० नंतर संकरित ज्वारी आली तेव्हापासून तो घरोघरी आहे. राहुरीला १९६८ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले, तिथे तीन जातींच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' गाय तयार झाली. तेव्हा आजी लगेच म्हणाली, "हायब्रीड? म्हंजी तिला खत-पाणी लई लागत आसंल." सगळे हसले. आजीचे बोलणे किती खरे होते ते पुढे कळले.

मोटारीतला संकर असा, की एकाच गाडीला ओढणारी दोन यंत्रे असतात. एक नेहमीचे पेट्रोलचे इंजीन आणि दुसरी विजेची मोटर. दोघांचे स्वभाव वेगळे. विजेची मोटर जागेवरून हलतानाच पूर्ण जोर लावते. इंजिनाला जोर यायला फेरे वाढवावे लागतात, मात्र एकदा वेग धरला की ते लांबवर थोड्या खर्चात चालते. बैलगाडीला एक बैल चढाला जोर लावणारा आणि दुसरा सपाटीला न थकणारा जोडावा, तसे हे आहे. फरक इतकाच की इथे कोणी कधी ओढायचे ते संगणक ठरवतो. मामांच्या गाडीसारख्या मोटारींत क्लच नसतो, आणि ट्रॅक्टरसारखे बदलत न्यायचे गिअरही नसतात. मध्ये एक दातेरी चाक, त्याभोवती फिरणारी छोटी चाके आणि त्यांना वेढणारे दातेरी कडे, अशा जुळणीतून इंजीन आणि मोटर यांचा जोर एकत्र होतो किंवा वाटला जातो. सूर्याभोवती ग्रह फिरतात तशी ही रचना, म्हणून तिला इंग्रजीतही ग्रहांवरूनच नाव पडले आहे.

विजेच्या मोटरने चाके फिरवण्याची कल्पना नवी नाही. दौंड-मनमाड मार्गावर, आमच्या राहुरी स्टेशनावरून, वर्षानुवर्षे डिझेल इंजिने धावली. त्यांतही डिझेल जळून जनित्र फिरे, वीज तयार होई आणि त्या विजेवर चाके फिरत. मात्र ती वीज साठवायची सोय त्यांच्यात नव्हती. मोटारीच्या बाबतीत फर्डिनंड पोर्श यांनी १९०० सालीच पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी गाडी बनवली होती. नंतर पेट्रोल स्वस्त आणि मुबलक झाले आणि ती खटपट मागे पडली. टोयोटाने १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये 'प्रियस' बाजारात आणली, तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. प्रियस २०१० साली भारतात आली, पण किमतीमुळे फारशी दिसली नाही. २०१३ पासून बंगळूरजवळच्या बिदडी येथे टोयोटा किर्लोस्करच्या कारखान्यात कॅमरी हायब्रीड तयार होऊ लागली. (किर्लोस्कर म्हटले की आमच्या आजोबांच्या पिढीला लोखंडी नांगर आठवे.) २०१७ साली लेक्ससची आरएक्स ४५०एच ही मोठी हायब्रीड भारतात आली, तेव्हा तिची किंमत एक कोटीच्या वर होती. त्याआधी, २०१६ मध्ये, व्होल्वोची एक्ससी ९० टी ८ आली होती. तिला तर घरच्या विजेवरही चार्ज करता येत असे.

ही सनावळी देण्याचे कारण आहे. २०१६-१७ च्या आसपास शहरांतल्या श्रीमंतांनी घेतलेल्या गाड्या सात-आठ वर्षांनी जुन्या बाजारात उतरतात, आणि तेव्हाच मामांसारख्या माणसाच्या आवाक्यात येतात. आलिशान गाडीची हौस आमच्याकडे नवी नाही. २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) मंडळींनी एकत्र येऊन दीडशेच्या आसपास मर्सिडीज गाड्या एकदम घेतल्या होत्या. मामा ती गोष्ट आजही सांगतात. त्यांच्या मते त्या दिवशी मराठवाड्याने मुंबईला उत्तर दिले.

गावातल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "चार्जिंग कुठे करता?" आमच्याकडे शेतीपंपाला वीज येते ती पाळीपाळीने, कधी रात्रीची. तेव्हा प्रश्न रास्तच होता. पण मामांची गाडी प्लग लावायची नाही, तिची बॅटरी तीच भरते. ती कशी, हे समजायला मला माहितीपुस्तकाची चाळीस पाने लागली. आपण ब्रेक दाबतो तेव्हा साध्या गाडीत वेगाची सगळी शक्ती ब्रेकच्या घर्षणात तापून वाया जाते. हायब्रीडमध्ये ब्रेक दाबताच तीच विजेची मोटर उलट काम करू लागते. चाकेच तिला फिरवतात, ती जनित्र बनते आणि वीज बॅटरीत जाते. साखर कारखान्यात उसाचा रस काढल्यावर उरलेले पाचट... चुकले, पाचट शेतात राहते, कारखान्यात राहते ती बगॅस. तर ती बगॅस जाळून कारखाना वीज करतो, तसाच हा वाया जाणाऱ्या वस्तूचा उपयोग.

बॅटरी फार मोठी असते असे लोकांना वाटते. तसे नाही. अशा गाडीच्या बॅटरीत जेमतेम दीड-दोन युनिट वीज मावते. दोन युनिट म्हणजे पाच अश्वशक्तीचा शेतीपंप अर्धा तास चालेल इतकी. याउलट २०२० साली आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्ही या पूर्ण विजेच्या गाडीची बॅटरी तीस युनिटांची होती. हायब्रीडची बॅटरी मुक्कामाचे कोठार नव्हे, ती वाटेतली रांजण-घागर. भरायची, लगेच वापरायची, पुन्हा भरायची. संगणक तिला काठोकाठ भरू देत नाही आणि तळही गाठू देत नाही, त्यामुळे निकेलची ही बॅटरी बरीच वर्षे टिकते. पण ती दोनशेहून जास्त व्होल्टची असते. नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसल्या की तिथे हात घालायचा नाही, हे पुस्तकात जागोजागी चौकटीत छापले आहे. आमच्या वाडीवरच्या मिस्त्रीने ते वाचून घेतले आणि बॉनेट बंद केले. शहाणा माणूस.

आता खर्चाकडे येते. मामांची समजूत अशी होती की हायब्रीड म्हणजे पेट्रोल कमी, म्हणजे पैसे वाचणार. हे अर्धे खरे आहे. पुण्याच्या गर्दीत, जिथे दर मिनिटाला ब्रेक लागतो, तिथे ही गाडी खरोखर कमी पिते. कारण थांबली की इंजीन बंद होते आणि प्रत्येक ब्रेक काहीतरी परत देतो. पण मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने चालले की परत मिळवण्यासारखे काही नसते, आणि एवढे वजन ओढायला इंजीनच लागते. मामांना लिटरला १३ ते १४ किलोमीटर मिळाले. त्यांची जुनी डिझेलची बोलेरोही जवळजवळ तेवढेच देते.

पेट्रोलची आणखी एक गंमत. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले, आणि ते इथेनॉल मोठ्या प्रमाणात उसापासून होते. म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला ऊस मामांच्या टाकीत जातो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात म्हटले होते की साध्या पेट्रोलसाठी बांधलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीचे मायलेज या पेट्रोलावर ६ ते ७ टक्क्यांनी उतरते. मी हे वाचून दाखवले तेव्हा मामा म्हणाले, "ऊसवाल्यांचं भलं होतंय ना, मग राहू दे."

खरा हिशेब दुसरीकडे आहे. जुनी आलिशान गाडी घेताना किंमत २६ लाखांवर येते, पण तिचा सांभाळ साठ लाखांच्या गाडीचाच राहतो. टायरला गाडीचे वय कळत नाही. एक टायर २८ हजारांचा, आणि चारही झिजलेले निघाले. विमा ६८ हजार. वर्षाची सर्व्हिसिंग ४० हजारांच्या घरात. बोलेरोची सर्व्हिसिंग आमच्याकडे कोपऱ्यावर होते, हिच्यासाठी पुण्याला जायचे, म्हणजे एक दिवस मोडला. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवरचा कर एकदम ४० टक्क्यांवर आला. त्याआधी जीएसटी आणि उपकर मिळून तो मोठ्या एसयूव्हींवर ५० टक्क्यांपर्यंत जाई. नव्या गाड्या स्वस्त झाल्या की जुन्यांचे भाव आपोआप उतरतात. मामांनी काही न करता त्यांच्या गाडीची किंमत त्या आठवड्यात कमी झाली. कांद्याच्या व्यापाऱ्याला याचे दुःख वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कागदपत्रांचे काम माझ्याकडे आले, कारण घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. ज्यांना कोणतीही जुनी गाडी घ्यायची आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. आधीच्या मालकाचे कर्ज असेल तर ते फिटल्याचा नमुना ३५ हवा. विमा आपल्या नावावर करून घ्यायला १४ दिवसांची मुदत आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवावी लागते. आणि हायब्रीडला विजेच्या गाडीसारखी हिरवी प्लेट मिळत नाही, विजेच्या गाडीची करमाफीही मिळत नाही. सरकारच्या लेखी ती पेट्रोलचीच गाडी.

एक गोष्ट मात्र कोणत्याच नमुन्यात नव्हती, आणि ती मी वाचायला हवी होती. हायब्रीडच्या बॅटरीला कंपन्या वेगळी, लांब मुदतीची हमी देतात. उदाहरणार्थ, २०२२ साली आलेल्या इनोव्हा हायक्रॉसच्या बॅटरीला टोयोटाने ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत हमी दिली. मामांच्या गाडीलाही आठच वर्षांची हमी होती. म्हणजे ज्या शहाण्या माणसाने ती साडेसातव्या वर्षी विकली, त्याला तारीख चांगली पाठ असणार. यात त्याने काही खोटे केले असे मी म्हणत नाही. पण आम्ही घेणाऱ्यांनी ती तारीख पाहिलीच नाही. आम्ही पाहिली चामड्याची आसने.

जून २०२५ मध्ये एके दिवशी मामा वांबोरीहून येत असताना समोरच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरे उमटली. त्यांनी मोबाइलवर फोटो काढून मला पाठवला. बॅटरी थंड ठेवणाऱ्या भागांची देखभाल करा, असा काहीसा तो मजकूर होता. त्यात एक शब्द 'ट्रॅक्शन' असा होता. शब्दकोशात त्याचा अर्थ 'कर्षण' दिला होता, त्याने मला काहीच बोध झाला नाही. मामांनी ओळखीच्या एका गॅरेजवाल्याला फोन लावला. त्याने गाडी न पाहताच सांगितले, "हायब्रीडची बॅटरी गेली. साडेचार लाख धरा."

हमी संपून दोन महिने झाले होते.

त्या रात्री मामा जेवले नाहीत. मामींनी काही विचारले नाही, पण त्यांच्या न विचारण्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळत होता. नर्सिंगच्या प्रवेशाचा महिना तोंडावर आला होता. मामेबहीण माझ्या शेजारी झोपते. ती अंधारात म्हणाली, "ताई, मी यंदा बी.एस्सी.लाच जाते. ते स्वस्त आहे." मी उत्तर दिले नाही. मीही त्याच घरात राहून, त्याच घरचे खाऊन शिकते, आणि माझ्या फीचा हिशेब मामांनी मला कधी दाखवलेला नाही.

मी उठले, ओट्यावरचा दिवा लावला आणि माहितीपुस्तक उघडले. आजवर ते मी ओळीने वाचत होते. त्या रात्री प्रथमच मागची सूची पाहिली. अडीच वाजता पान सापडले. बॅटरी मागच्या आसनाखाली असते. ती तापू नये म्हणून एक पंखा गाडीतलीच थंड हवा तिच्यावर सोडतो, आणि ती हवा आत घेण्याची जाळी मागच्या आसनाच्या बाजूलाच असते. त्या जाळीवर सामान ठेवू नका, ती धुळीने बुजली तर बॅटरी तापते आणि तिचे आयुष्य घटते, असे चौकटीत छापले होते.

मामा बाजारात जाताना नमुन्याच्या कांद्याच्या गोण्या कुठे ठेवत? मागच्या आसनावर. डिकीत ठेवल्या तर वास राहतो, असे ते म्हणत.

सकाळी आम्ही जाळी काढली. आतून कांद्याच्या वाळक्या टरफलांचा, धुळीचा आणि गोणीच्या धाग्यांचा गादीसारखा थर निघाला. आजी उंबऱ्यात बसून बघत होती. ती एवढेच म्हणाली, "खाया दिलं, श्वास घ्याया नाही दिला." जवळच्या मंगल कार्यालयातून धूळ ओढायचे यंत्र मागून आणले आणि जेवढे बाहेरून साफ होते तेवढे केले. आतल्या भागाला हात लावला नाही. पडद्यावरची अक्षरे तरीही गेली नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी मामा कंपनीच्या वर्कशॉपला गेले आणि मला बरोबर नेले. तिथे पंखा उघडून साफ केला, बॅटरीचा एकेक कप्पा तपासला. बॅटरी शाबूत होती. वयाप्रमाणे थोडी उतरलेली, पण चालणारी. बिल ९,४०० रुपये झाले.

तिथेच दुसरी गोष्ट कळली. चेसिस नंबर टाकल्यावर गाडीची सगळी नोंद संगणकावर येते. मधली दोन वर्षे तिथे कोरी होती. विकताना दलालाने मामांना सांगितले होते की सर्व्हिसिंग एकदाही चुकलेले नाही, आणि एक फाइलही दाखवली होती. फाइल आम्ही उघडून वाचली नव्हती. गाडी घेण्याआधी अशी नोंद बघता येते का, असे मी तिथल्या माणसाला विचारले. तो म्हणाला, "येते की. मालकाला बरोबर घेऊन या आणि विचारा. विचारतंय कोण?" बॅटरीची तपासणीही पैसे भरून आधी करून घेता येते. २६ लाखांची वस्तू घेताना काही हजारांची तपासणी आम्हाला महाग वाटली असती, हे मला कबूल केले पाहिजे. कांद्याची गोणी मात्र मामा खालपर्यंत हात घालून बघितल्याशिवाय घेत नाहीत.

परतताना मामा शिक्रापूरपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "विकून टाकू का गं?" मी म्हटले, "मामा, आत्ता विकली तर अठरा येतील." त्यांनी मान हलवली. गाडी त्या वेळी विजेवर चालली होती, अजिबात आवाज नव्हता. खरे सांगायचे तर त्या शांततेत बसायला मलाही आवडते, आणि हे मी मामींसमोर बोलत नाही.

गाडी विकली नाही. मामांनी राहुरीच्या एका पतसंस्थेत दरमहा ८ हजारांची आवर्त ठेव उघडली आहे. तिला घरात सगळे 'बॅटरीची भिशी' म्हणतात. पाच वर्षांत बॅटरीपुरती रक्कम होईल, त्याआधी ती गेली तर काय, हे कोणी विचारत नाही. गोण्या बोलेरोत जातात. जाळी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी साफ करते. मामेबहीण जुलैत नगरला नर्सिंगला गेली. फीचे पैसे खरेच बाजूला होते, पण त्यांतले साठ हजार टायरांना गेले होते आणि ते मामींनी आपल्या पाटल्या गहाण ठेवून भरले. पाटल्या दिवाळीला सुटल्या.

परवा मामांनी विचारले, "पुस्तकाची किती पानं राहिली?" दोनशेच्या आसपास राहिली आहेत. पुढचे प्रकरण ब्रेकच्या तेलाचे आहे.